सटवाईची वाट पाहणारे अप्पा

तान्ह्या बाळाला ‘अहो’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नळदुर्गच्या बसस्थानकामागे त्यांचा फोटोचा गाळा आहे. पाटीवरची अक्षरं उन्हाने केव्हाच खाल्लीत, आणि ती पुन्हा रंगवून घ्यावीत असं त्यांना कधी वाटलेलं नाही. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं. कपाळाला भस्म, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग, आणि ज्या घरी बाळाचा फोटो काढायचा त्या घराच्या दहा पावलं अलीकडेच चपला काढून हातात घेतलेल्या. का, तर चपलेच्या आवाजाने लेकरू दचकतं.

त्यांच्या घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि तान्ह्यांशी दोन्ही. ‘येन्री अव्वा, झोप झाली का?’ असं ते आठ दिवसांच्या पोरीला विचारतात. म्हणजे, काय हो आईसाहेब. विचारून झालं की उत्तरासाठी थांबतात. हे थांबणं लटकं नसतं. मान जरा कलती करून, दोन्ही हात मागे बांधून ते खरोखर थांबतात, आणि बाळाने एखादा पाय झाडला की ‘बरं, बरं’ म्हणून पुढचं बोलतात. त्यांच्या बायकोला मी एकदा विचारलं होतं, अप्पा सगळ्यांनाच अहो-जाहो का करतात म्हणून. ती म्हणाली, ‘ह्यांचं काय सांगावं, दारातल्या कुत्र्यालाबी या, बसा म्हणतेत.’

आमच्या पिढीतल्या निम्म्या नळदुर्गकरांच्या दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो अप्पांनी काढलेला आहे, आणि त्या प्रत्येकाच्या घरी त्यावरून एकदा तरी आरडाओरडा झालेला आहे. कारण अप्पांच्या फोटोत माणूस होता तसाच दिसतो. मी गेले तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि ते कॅमेरा पुसत बसले. मी ताठ बसले, ओठ मिटले, डोळे मोठे केले. ते पुसतच होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मी कंटाळून खांदे पाडले आणि हायवेवरून चाललेल्या ट्रकांचे आवाज ऐकू लागले, तेवढ्यात खट्ट झालं. ‘आता कशा तुमी घरच्यावानी दिसलात,’ ते म्हणाले. त्या फोटोत मी एवढी कंटाळलेली दिसते की कॉलेजच्या ओळखपत्रासाठी मी मुद्दाम सोलापूरला जाऊन दुसरा काढला. गावातल्या एका वजनदार गृहस्थांनी त्यांना फोटोत आपलं पोट जरा कमी करायला सांगितलं होतं. अप्पांनी त्यांना हात जोडले, आणि आमी हाय तसं काढतो, दुसरं काही पाहिजे असलं तर दुसरीकडं मिळंल, असं सांगून दार दाखवलं.

पुढे त्यांनी लग्नंही सोडली. नवरानवरी आता कॅमेरा पाहून एकमेकांकडे बघतात, आपणहून नाही, अशी त्यांची तक्रार होती. ज्यांना अजून ॲक्टिंग येत नाही अशी गिऱ्हाइकं जगात फक्त तान्हीच उरलीत, म्हणून ते तान्ह्यांकडे वळले. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही माझ्या मुलीच्या फोटोसाठी मला त्यांचं नाव सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी मी घेतलं नसतं. हाय तसं काढणारा माणूस मला तेव्हा नकोच होता.

ते का, हे सांगायचं तर ग्रहणापासून सुरुवात करायला हवी.

मी येरमाळ्याच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. सासर तिथेच. चेंडू आणि बॅटरी घेऊन सातवीच्या वर्गात ग्रहण शिकवणारी बाई ती मी. दिवाळीच्या सुमाराला ग्रहण लागलं तेव्हा मला पाचवा महिना होता. सासूबाईंनी मला मधल्या खोलीत सतरंजीवर निजवलं, खिडकी लावून घेतली आणि बजावलं, की ग्रहण सुटेपर्यंत काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, कापायचं नाही. नाहीतर लेकराचा ओठ चिरतो. त्या पुढच्या खोलीत जपाला बसल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पेरू चिरला. भूक लागली होती असंही नाही. मला काहीतरी सिद्ध करायचं होतं. कोणापाशी, ते आता सांगता येत नाही. सुरीने एकच काप घातला, मीठ लावलं, खाल्ला आणि परत येऊन निजले. फार शहाणी होते मी.

बाळंतपणाला माहेरी नळदुर्गला आले. मुलगी झाली, आणि तिचा वरचा ओठ डावीकडून नाकपुडीपर्यंत उभा चिरलेला होता. एकच काप.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. टाळू शाबूत आहे, दूध ओढता येईल, चार-पाच महिन्यांची झाली की ओठ शिवून टाकू, मोठेपणी कळणारही नाही. ओठ दुसऱ्या महिन्यातच तयार होतो, ग्रहणाबिहणाचा काही संबंध नाही, हेही ते न विचारता बोलले. मला ते सगळं आधीच ठाऊक होतं. मी ते मुलांना शिकवू शकले असते. पण पोरीच्या तोंडाकडे नजर गेली की माझ्या हाताला तो पेरू लागायचा.

त्यात बाळ पाहायला येऊन चार दिवस राहिलेल्या सासूबाई. त्यांनी मला एक वेडावाकडा शब्द बोलून दाखवला असता तर मी भांडले असते, मला भांडायला येतं. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या आधी सांगायच्या, आमच्या सूनबाईंनी ग्रहणात काहीसुद्धा चिरलेलं नाही, मी घरात होते, येडाईची शपथ. येडाईचं, म्हणजे येडेश्वरीचं, देऊळ सासरच्या घरावरून दिसतं. त्या देवीची शपथ माझी सासू माझ्यासाठी खोटी घेत होती, आणि ती खोटी आहे हे फक्त मला माहीत होतं.

मी मुलीला पाजताना पदर ओढून घ्यायची. आई म्हणायची, लाजतेस काय, घरातच आहेस. मी लाजत नव्हते. मला पाहायचं नव्हतं.

पुण्याच्या नणंदेचं फोटोंचं टुमणं याच दिवसांत सुरू झालं. पहिल्या पंधरा दिवसांतच तान्ह्या बाळांचे फोटो चांगले येतात, नंतर ती अंग ताठ करतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने मला चार स्टुडिओंचे फोटो पाठवले. लोकरीच्या टोप्या, पिसांच्या गाद्या, चांदोबावर झोपलेली बाळं, टोपलीत मुटकुळं करून ठेवलेली बाळं. सगळी गुलाबी आणि सगळी एकाच आईची वाटावीत अशी. सासूबाईंचं मत होतं की ऑपरेशन होईपर्यंत फोटोच नको. नवऱ्याचं मत होतं की मला काय हवं ते. मी चारही जणांना फोन केला आणि ओठाचं सांगितलं. तिघे जरा अडखळले. चौथा, सोलापूरचा, अजिबात अडखळला नाही. मॅडम, टेन्शन घेऊ नका, ओठ आम्ही एडिटिंगमध्ये नीट करून देतो, म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या रविवारची वेळ ठरवून टाकली. फोटोत तरी मी पेरू चिरलेला नसणार होता.

मधेच ऑपरेशनच्या कागदांना मुलीचा फोटो लागेल असं दवाखान्यातून कळलं. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, हायवेवर स्पेअर पार्टचं दुकान चालवतात. ते संध्याकाळी येताना अप्पांना सांगून आले. कागदाला लावायचा फोटो, दोन मिनिटांचं काम, असं त्यांना वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आले, हातात चपला आणि बाकी काही नाही. कॅमेरा कुठाय, असं आण्णांनी विचारलं. पहिल्या दिवशी कॅमेरा आणत नाही, ओळख झाल्याबिगर फोटो काय काढायचा, असं उत्तर आलं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, आंघोळीच्या पाण्याच्या हंड्याला तळवे लावून गरम केले. मग खोलीभर हिंडून खिडकीतून ऊन कुठपर्यंत येतं ते पाहिलं. आईला विचारलं, लेकराला न्हाऊ कधी घालता, झोप कधी लागते, कोणत्या कुशीवर. आणि मग ते बाजेजवळ आले.

मी त्यांचं तोंड बघत होते. पहिल्यांदा पाहणाऱ्यांची तोंडं मला दहा दिवसांत पाठ झाली होती. आधी डोळे ओठावर, मग पटकन माझ्यावर, मग छताकडे, मग ‘असू दे, आजकाल सगळं नीट होतं.’ अप्पांचे डोळे तिच्यावर गेले ते तिथेच राहिले. ‘येन्री अव्वा,’ ते म्हणाले, ‘कवा आलात?’ आणि उत्तरासाठी थांबले. मग खाली मांडी घालून बसले आणि चांगला अर्धा तास तिला पाहत राहिले. कोणी कोणाला इतकं पाहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. देवळातसुद्धा माणसं एवढा वेळ पाहत नाहीत.

शेवटी ते माझ्याकडे वळले. ‘ह्यांच्या उजव्या कानावर सुईच्या टोकाएवढं भोक हाय. तुमच्याकडून आलंय का ह्यांच्या वडलांकडून?’

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, कुठाय भोक?

त्यांनी बोटाने ती जागा दाखवली. मग म्हणाले, रडायच्या आधी ह्यांचा खालचा ओठ एकाच बाजूनं हलतो, आणि डोईवर दोन भोवरे आहेत, ते तर पाहिलेच असतील. मी तेही पाहिलेले नव्हते. दहा दिवस ती माझ्या कुशीत होती आणि या माणसाने अर्ध्या तासात तिचं जेवढं पाहिलं तेवढं मी पाहिलेलं नव्हतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. ते मात्र उठले, उद्या येतो असं मला नाही, तिला सांगितलं, आणि चपला उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा आला, आणि एका जुन्या धोतराचं पान. ते त्यांनी खिडकीला बांधलं, तर खोलीतलं ऊन एकदम मऊ झालं. आईने मोठ्या हौसेने नणंदेने पाठवलेली टोपली आणि लोकरीची टोपी काढून ठेवली होती. अप्पांनी टोपली उचलून पाहिली. लेकरू काय बाजारातली वांगी आहेत का टोपलीत मांडायला, असं विचारून त्यांनी ती बाजेखाली सरकवली. कागदाचा फोटो खरोखरच दोन मिनिटांत झाला. मग ते कॅमेरा मांडीवर घेऊन बसून राहिले. आण्णांनी विचारलं, आता काय?

‘आता सटवाईची वाट बघायची.’

तान्हं बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते असं आपल्याकडे म्हणतात. अप्पा खुळखुळा वाजवत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत, गालाला बोट लावत नाहीत. बाळाला हसवणं हे सटवाईचं काम, आपलं काम तयार असणं, असं त्यांचं म्हणणं. कधी ती दहा मिनिटांत येते, कधी दोन दोन दिवस येत नाही. एका घरी म्हणे त्यांना तीन दिवस जेवायला घालावं लागलं होतं. आण्णा दुकानात गेले, आई चुलीकडे गेली, आणि मी आणि अप्पा बाजेच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

ती हसली तर तो ओठ अजून फाकणार, हे माझ्या लक्षात आलं. मी त्यांना म्हटलं, हसतानाचा नको. दुपट्याने खालचं तोंड झाकून काढा, किंवा रविवारी सोलापूरचा येणारच आहे, तो नीट करून देणार आहे. त्यांनी मान जरा कलती केली. उत्तरासाठी थांबण्याची त्यांची ती रीत माझ्यावरही चालली असावी. कारण मग मी सांगून टाकलं. पेरूचं. नवऱ्याला नाही, आईला नाही, ते पहिल्यांदा या फोटोवाल्या माणसाला सांगितलं, आणि सासूबाईंच्या शपथेचंही. सांगताना मी रडत होते आणि लेकरू उठू नये म्हणून आवाज दाबत होते.

त्यांनी माझं सांत्वन केलं नाही.  कॅमेरा बाजेवर ठेवला, उठले, आणि चालू लागले. मला वाटलं, माझं ऐकून हा धार्मिक माणूस निघून गेला. वीसेक मिनिटांनी ते परत आले ते काखेत साडीचं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन.

प्रत्येक बाळाच्या फोटोची एक प्रत अप्पा स्वतःकडे ठेवतात. मागे पेन्सिलीने लिहितात. नाव नाही, त्या दिवशी काय दिसलं ते. त्यांनी खोक्यातून एक फोटो शोधून माझ्या हातात दिला आणि कॅमेरा पुन्हा मांडीवर घेतला. गुबगुबीत मुलगा, मुठी गालापाशी, ओठ अखंड. मागे लिहिलं होतं: ‘गुरुवार. आई कामावरून थेट आली. हाताला कांद्याचा वास. वासानं लेकरू गप झालं.’

‘ह्या बाई हायवेवरच्या ढाब्यावर असतेत,’ अप्पा म्हणाले. ‘ग्रहणाच्या येळी त्याबी पोटुशा होत्या. आमी त्या दिवशी तिथं चहाला होतो. ग्रहण लागलं म्हणून ट्रक काय थांबत न्हाईत, बाई. सांजच्याला त्यांनी अर्धं पोतं कांदा चिरला. आमी डोळ्यानं बघितलं.’

मी फोटो उलटसुलट केला. अखंड ओठ, कांद्याचा वास. चेंडूने आणि बॅटरीने जे माझ्या डोक्यात घातलं होतं आणि पोटात उतरत नव्हतं, ते त्या पेन्सिलीच्या ओळीने उतरलं. अर्धं पोतं कांदा. आणि मी एका पेरूला धरून बसले होते. मला हसू आलं की रडू ते कळेना. मी मोठ्याने नाक ओढलं, लेकरू जरा चाळवलं, पुन्हा निजलं, आणि तेवढ्यात हसलं.

ते मी कसं सांगू? ओठाच्या दोन पाकळ्या दोन बाजूंना गेल्या आणि सगळं तोंड उघडं झालं. एवढं मोठं हसू एवढ्याशा तोंडात मावतं हे मला ठाऊक नव्हतं. बाकीची बाळं ओठाच्या कोपऱ्यातून हसतात, माझी मुलगी नाकापर्यंत हसली. खट्ट झालं की नाही तेही मला ऐकू आलं नाही. मी पाहत होते.

सोलापूरच्या स्टुडिओला मी त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवलं. नणंद आठवडाभर रुसली. येरमाळ्याला परतल्यावर सासूबाईंनाही पेरूचं सांगितलं.  रात्री भाकरी थापताना त्या म्हणाल्या, ‘म्या न्हाय पाह्यलं म्हणले व्हते. न्हायच पाह्यलं की म्या.’ शपथेचे शब्द असे फिरवून येडाईशी त्यांनी मामला मिटवून टाकला.

पण हसण्याचा फोटो अप्पांनी मला दिला नाही. कागदाचा दिला, तो मागितला तेव्हा दिला. दुसऱ्यासाठी मी दोनदा माणूस धाडला, तर सांगून पाठवलं, आत्ता अव्वा स्वतः घरात आहेत, फोटो काय करायचा आहे. मला राग आला होता. आण्णा म्हणाले, म्हातारा चक्रम आहे, सोडून दे.

ऑपरेशन सोलापूरला झालं. चांगलं झालं. टाके निघाले, सूज उतरली, वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, अगं काही कळतसुद्धा नाही. नवऱ्याने पेढे वाटले. आणि एका सकाळी ती माझ्याकडे पाहून हसली. नीटनेटकं, बेताचं, चारचौघांसारखं हसू. मी तिला कडेवर घेऊन उभी होते, आणि माझ्या मनात आलं, ही कोण? माझी कुठं गेली? ज्या ओठाकडे मी दहा दिवस पाहिलं नव्हतं, तो आता जगात कुठेच नव्हता, आणि मी स्वतः सह्या करून तो शिवून घेतला होता. पेढ्याचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

सोलापूरहून माहेरी आले ती नळदुर्गला उतरून आधी बसस्थानकामागे गेले. अप्पा एका पोराचा पासपोर्ट फोटो काढायला बसले होते, म्हणजे कॅमेरा पुसत होते. मी दारातूनच म्हटलं, अप्पा, ते हसणं गेलं.

त्यांनी विचारलं नाही कुठलं. फळीवरून पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. तेव्हा मला कळलं की फोटो कधीचा तयार होता आणि ते या दिवसाची वाट बघत होते. गिऱ्हाईक स्टुलावर तसंच राहिलं, मी बाकावर बसले आणि पाकीट उघडलं. होतं. सगळं होतं. दोन पाकळ्या, नाकापर्यंतचं हसू, खिडकीतलं मऊ ऊन. मी किती वेळ पाहत बसले कोण जाणे. मुलगी मांडीवर चुळबुळ करत होती, माझी बांगडी ओढत होती, तिला मी एका हाताने थोपटत होते.

अप्पा उठून आले. त्यांनी माझ्या हातातून फोटो घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

‘ह्यो हाय तसाच ऱ्हाईल, बाई,’ ते म्हणाले. ‘ह्या मघाधरनं तुमच्याकडं बघून हसायल्यात. तिकडं बघा.’